केवड्याला द्राक्षवेल काय उत्तर देते: बोर्दोच्या मळ्यापासून काटोलच्या संत्राबागेपर्यंत

पावसाळ्याच्या तोंडावर काटोल-नरखेडच्या संत्राबागांत बुंध्यांना बोर्दो मलम लावले जाते. हे औषध मुळात संत्र्यासाठी नव्हे, तर केवडा या द्राक्षावरच्या रोगासाठी तयार झाले. तरीही ते दोन्हीकडे चालते, कारण द्राक्षावरचा केवडा आणि संत्र्याचा डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग, हे एकाच गटातल्या जीवांमुळे होतात. केवड्याचा प्लास्मोपारा व्हिटिकोला आणि डिंक्याचा फायटोफ्थोरा यांना आपण बोलताना बुरशी म्हणतो, पण ते ऊमायसिट गटातले, म्हणजे बुरशीपेक्षा शेवाळांना जवळचे. त्यांच्या पेशीभित्तीत खऱ्या बुरशीत असणारे कायटिन जवळपास नसते, मुख्यतः बीटा-ग्लुकन आणि सेल्युलोज असते. भुरी या पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीवर गुणकारी ठरणारे हेक्साकोनॅझोल केवड्यावर वाया जाते, कारण ते औषध ज्या स्टेरॉलची निर्मिती अडवते, ते स्टेरॉल हा जीव स्वतः तयारच करत नाही. औषध निवडताना सर्वात महाग पडणारी चूक हीच असते.

केवडा मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथल्या रानद्राक्षांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याशी झुंजत आपली रसायने घडवली. युरोपातल्या व्हिटिस व्हिनिफेराला तो कधी भेटलाच नव्हता. फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने फ्रान्समधले मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा उपाय म्हणून अमेरिकन खुंट, म्हणजे ज्यांच्या मुळांवर कलम करतात ती झाडे, आयात झाले आणि त्यांच्यासोबत केवडाही आला. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. १८८२ मध्ये बोर्दोजवळच्या मेडॉक भागात प्येर-मारी-अॅलेक्सिस मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञांना दिसले, की सगळीकडे पानगळ झालेली असताना रस्त्याकडेच्या वेलींची पाने मात्र शाबूत आहेत. वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून त्या वेलींवर मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) आणि चुना शिंपडलेला होता. रसायनशास्त्रज्ञ युलिस गायाँ यांच्या साथीने प्रयोग करून मिलार्दे यांनी १८८५ मध्ये हे बोर्दो मिश्रण जाहीर केले. आजचे १ टक्का मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. बुंध्याच्या मलमासाठी तेवढेच मोरचूद आणि चुना १० लिटर पाण्यात. मोरचूद लोखंडी भांड्यात विरघळवू नये. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. तसेच फवारले तर मोकळे तांबे कोवळी पाने जाळते. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

तांबे पानाच्या बाहेर राखण करते. पानाच्या आत काय चालते, हा प्रश्न पुढची पन्नास-पंचावन्न वर्षे मागेच राहिला. १९४० मध्ये जर्मनीत म्युलर आणि ब्योर्गर यांनी बटाट्यावर प्रयोग केले. फायटोफ्थोराच्या निष्प्रभ वाणाची लागण आधी केली, तर नंतर आलेला घातक वाणही त्या जागी रुजू शकत नव्हता. लागण झाल्यावर झाडाच्या पेशी नव्याने रोगविरोधी पदार्थ तयार करतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि अशा पदार्थांना फायटोअलेक्सिन हे नाव दिले. द्राक्षातला असा पदार्थ १९७६ मध्ये लँगकेक आणि प्राइस यांनी ओळखला. लागण झालेली किंवा जखमी पाने अतिनील प्रकाशाखाली डागांभोवती निळी चमकत होती. ती चमक रेस्व्हेराट्रोलची होती. पुढच्याच वर्षी रेस्व्हेराट्रोलचे रेणू जोडून बनणारी व्हिनिफेरिन आणि १९७९ मध्ये टेरोस्टिल्बिन वेलीत सापडले.

हे रसायन पानात कसे तयार होते? फिनाइलॲलनिन या अमिनो आम्लापासून वेल आधी कौमारॉइल-कोए बनवते. त्याच्या एका रेणूला मॅलोनिल-कोएचे तीन रेणू जोडून स्टिल्बिन सिंथेज हे विकर रेस्व्हेराट्रोल तयार करते. नेमका हाच कच्चा माल चाल्कोन सिंथेजही वापरते आणि त्यातून फळांचा रंग व फ्लेव्होनॉइड घडतात. म्हणजे एकाच साठ्यावर दोन वाटेकरी आहेत. लागण झाली की स्टिल्बिनकडचा वाटा वाढतो. १९९३ मध्ये द्राक्षाचे स्टिल्बिन सिंथेजचे जनुक तंबाखूत घातले गेले आणि ती तंबाखू करड्या बुरशीला जास्त टिकली. या रसायनाच्या उपयोगाचा हा थेट पुरावा होता.

तरीही एक कोडे उरत होते. थॉम्पसन सीडलेससारखी केवड्याला सहज बळी पडणारी जातही रेस्व्हेराट्रोल बनवते. मग ती हरते का? उत्तर २००४ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या कामातून मिळाले. शासला या संवेदनशील जातीत रेस्व्हेराट्रोलला साखर जोडली जाते आणि पायसीड तयार होते. केवड्याच्या बीजाणूंना ते जवळपास निरुपद्रवी असते. सोलारिस या सहनशील जातीत मात्र पेरॉक्सिडेज विकर लागणीच्या जागीच रेस्व्हेराट्रोलचे रेणू जोडून व्हिनिफेरिन बनवते. रेस्व्हेराट्रोल स्वतः केवड्याला फारसे मारक नाही. व्हिनिफेरिन आणि टेरोस्टिल्बिन चलबीजाणूंची, म्हणजे पाण्यात पोहणाऱ्या बीजाणूंची, हालचालच थांबवतात. त्यामुळे पानात रेस्व्हेराट्रोल किती आहे, एवढे मोजून जातीची सहनशीलता ठरवणे चुकीचे आहे. त्याचे पुढे काय होते आणि किती लवकर होते, ते पाहावे लागते.

वेळेचा हिशेब खरोखर तंग असतो. पानावर पाण्याचा थर असला की चलबीजाणू पोहत पर्णरंध्रापाशी येतात, तिथे चिकटतात आणि नळी आत घालतात. सहनशील वेल त्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते, लागण झालेल्या पेशी स्वतःहून मरतात, रंध्राभोवती कॅलोज या पदार्थाचा अडसर साचतो आणि आजूबाजूच्या पेशींत व्हिनिफेरिन तयार होते. संवेदनशील वेलीत हेच उशिरा आणि विखुरलेले होते. वेल कायटिनेजही सोडते, पण ते कायटिन तोडणारे विकर असल्याने कायटिन जवळपास नसलेल्या शत्रूपुढे त्याचा उपयोग कमी. बीटा-ग्लुकन तोडणारे ग्लुकनेज अधिक कामाचे. पोषक हवेत चार-पाच दिवसांत पानावर तेलकट डाग दिसतो. तोपर्यंत त्या जागेचा निकाल लागलेला असतो. म्हणून पाऊस किंवा दाट दव येण्याआधीचा फवारा आणि डाग दिसल्यावरचा फवारा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

डॉगरिज खुंटावर कलम केले म्हणून केवडा कमी होईल, हा समजही इथे दूर करायला हवा. खुंट पाण्याचा ताण आणि क्षार सोसायला मदत करतो. पाने मात्र कलम केलेल्या जातीचीच असतात आणि रंध्रापाशी घडणारे रसायनही तिचेच. पानातली सहनशीलता संकरातूनच येते. अमेरिकन रानद्राक्षांतले आरपीव्ही-३ आणि आशियाई व्हिटिस अमुरेन्सिसमधले आरपीव्ही-१० अशी सहनशीलतेची जनुकीय स्थाने त्यासाठी वापरली जातात. पण आरपीव्ही-३ असलेल्या बियांका जातीवर मात करणारा केवड्याचा वाण २०१० मध्येच नोंदला गेला, तेव्हा एकाच स्थानावर विसंबणे धोक्याचे आहे.

विदर्भात परसात किंवा शेतात द्राक्ष लावणाऱ्यांनी पावसाळ्यातली पाने जपावीत. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घडाचे डोळे तयार होतात आणि पुढचे महिने पाने त्या काडीत अन्न साठवतात. जुलै-ऑगस्टमध्ये केवड्याने पानगळ झाली तर काडी कच्ची राहते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुलोरा ते मणी बसण्याचा काळ घडासाठी सर्वात नाजूक असतो. पुढे मण्यांवरची रंध्रे बंद होत जातात आणि थेट लागण अवघड होते. देठ मात्र नंतरही लागणीला बळी पडतो.

संत्र्याच्या सालीतही असेच घडते. फायटोफ्थोराची लागण झाल्यावर तिथे स्कोपारोन हे फायटोअलेक्सिन तयार होते आणि सहनशील जातींत ते जास्त साचते, हे १९८८ मध्ये दाखवले गेले. फोसेटिल-अॅल्युमिनियम या फॉस्फोनेट गटातल्या औषधामुळे ते आणखी वाढते. द्राक्षातही फॉस्फोनेटचे काम दुहेरी आहे: मात्रा जास्त असेल तर ते केवड्याला थेट मारते, कमी असेल तर वेलीच्या प्रतिसादाला जोर देते. डाग पसरल्यावर वेलीकडे असा प्रतिसाद फारसा उरत नाही, म्हणून ते आधी द्यावे. फोसेटिल आम्लधर्मी आहे. ते बोर्दो किंवा इतर तांबेयुक्त औषधात मिसळू नये आणि दोन फवाऱ्यांत अंतर ठेवावे, नाहीतर तांबे मोकळे होऊन पानांच्या कडा भाजतात.