विमानाच्या कंपन चाचणीचं काम शिकायचंय? अप्रेंटिसशिपचा अर्ज असा करा

रत्नागिरी किंवा मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला की पोरं थेट पुण्या-मुंबईच्या कंपन्या शोधतात. बंगळुरूच्या एनएएलसारख्या सरकारी विमान संशोधन संस्थांतही डिप्लोमावाल्यांसाठी अप्रेंटिसच्या जागा निघतात, हे त्यांना फारसं कुणी सांगत नाही.

आधी काम समजून घ्या. नवं विमान पहिल्यांदा उडण्याआधी त्याची जमिनीवर कंपन चाचणी होते. विमान मऊ आधारावर ठेवतात, शेकरने, म्हणजे कंपनं देणाऱ्या यंत्राने, पंख-शेपटी हलवतात आणि ते कोणत्या वारंवारितेला किती थरथरतात हे मोजतात. वेग वाढल्यावर हवेच्या जोराने ही थरथर आपोआप वाढत गेली, म्हणजे फ्लटर झाला, तर पंख तुटू शकतो. ही थरथर मोजणारे सेन्सर, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटर, विमानाच्या छोट्या नमुन्यांवर पुष्कळदा मेणानेच चिकटवतात. प्रत्येकाची दिशा आणि केबलचा नंबर वहीत बरोबर हवा. एक जरी उलटा लागला आणि तशी नोंद करायची राहिली, तर पंखाच्या हालचालीचं चित्रच चुकतं. असल्या किचकट कामाचा कंटाळा असेल तर अर्ज करू नका.

डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांनी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिपसाठीच्या एनएटीएस पोर्टलवर नोंदणी करायची, आयटीआयवाल्यांचं पोर्टल वेगळं. नोंदणी म्हणजे अर्ज नव्हे! संस्थेची जाहिरात आली की तिथे पुन्हा अर्ज करावा लागतो. पास होऊन किती वर्षं झालेली चालतात ते जाहिरातीत पाहा. आधी अप्रेंटिसशिप केलेली असेल किंवा वर्षभराचा अनुभव असेल, तर सहसा घेत नाहीत.

कागद: आधार, दहावीची आणि सगळ्या सेमिस्टरची गुणपत्रकं, डिप्लोमा प्रमाणपत्र, फोटो, आधार जोडलेलं बँक खातं. आधारवर नाव आधी आणि गुणपत्रकावर आडनाव आधी असेल, तर स्पेलिंग तरी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. ओबीसी असाल तर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. तो सेतूमधून आधीच काढून ठेवा. जाहिरात गणपतीच्या तोंडावर आली तर ऑफिसात कोण सापडणार?

मुदत साधारण एक वर्ष. स्टायपेंड मिळतो, नोकरीची हमी नाही. राहायची सोय बहुतेकदा आपली आपणच बघायची. निवड झाल्यावर पोर्टलवर करार तयार होतो, तो मंजूर झाला की नाही हे स्वतः लॉगिन करून तपासा.