वर्षभराचं विज्ञान : पेटी मागवण्याआधी हे वाचा

गुरुजी, मॅडम, नमस्कार.

शाळा उघडायच्या सुमारास आमच्याकडे बहुतेकांची एकच विचारणा असते : प्राथमिकसाठी विज्ञानाची पेटी केवढ्याला? भाव आम्ही सांगतोच, पण आधी वर्षाचा आराखडा करा, अशी विनंतीही करतो. आराखडा नसला की जूनमध्ये कागदात गुंडाळून दिलेली भिंगं एप्रिलमध्ये तशीच गुंडाळलेली सापडतात. हे आम्ही पाहिलंय, आणि वाईट वाटतं.

तिसरी ते पाचवीला विज्ञान परिसर अभ्यासातूनच येतं. पण परिसर काही धड्यांच्या क्रमानं बदलत नाही. बियांचा धडा थंडीत आला तर पेरणी कधीच होऊन गेलेली असते. म्हणून एका मोठ्या कागदावर आधी गावाचं वर्ष लिहा : पेरणी, पोळा, कापसाची वेचणी, संक्रांत, मोहफुलं, सकाळची शाळा. मग त्यासमोर धडे बसवा.

आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते, तेव्हा सुरुवात सावलीपासून करा. आमच्या मते वर्षातला सगळ्यात मोलाचा प्रयोग हाच, आणि त्याला आमची एकही वस्तू लागत नाही. मैदानात एक सरळ काठी ओळंब्यात रोवा, जमिनीवर बरोबर एक मीटर राहील अशी. विदर्भ कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. मे महिन्यातला दिवस सुट्टीत जातो. दुसरा नागपूर-अमरावतीकडे 17 जुलैच्या आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे 22 जुलैच्या सुमारास येतो. ढग असतातच, पण दोन मिनिटं ऊन पडलं तरी काठीची सावली नाहीशी झालेली दिसते. एक दिवस हुकला तरी आदल्या-दुसऱ्या दिवशी सावली बोटभरच असते. 23 सप्टेंबरला तीच सावली मोजा. नागपूरच्या आसपास ती सुमारे 39 सेंटीमीटर भरेल. 22 डिसेंबरला मात्र जवळपास काठीएवढीच, 99 सेंटीमीटर. ऋतू बदलतो म्हणजे काय, हे लेकरांना स्वतःच्या वहीतल्या तीन आकड्यांतून कळतं. वेळ घड्याळातल्या बाराची धरू नका. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावर चालतं आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. म्हणून बारा ते साडेबारा दर पाच मिनिटांनी खूण करा. सगळ्यात आखूड सावली तीच खरी मध्यान्ह.

पावसाळ्यात सरळ अंगाच्या बाटलीचं पर्जन्यमापक करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर 120 चौरस मीटरचं असेल, तर 10 मिलिमीटर पावसात त्यावर 1200 लिटर पडतं. हे गणित पाचवीच्या मुलांनाच करू द्या.

तान्हा पोळा मुळीच सोडू नका. घरोघरी चाकांचा लाकडी नंदी असतो, म्हणजे घर्षणाच्या धड्याचं साहित्य सजूनधजून शाळेत येतं. नंदीला रबर बांधून हळू, एकसारखं ओढा आणि रबर किती ताणलं ते पट्टीनं मोजा. आधी व्हरांड्याच्या फरशीवर, मग गोणपाटावर, मग नंदी आडवा करून चाकांशिवाय. पाठीवर दगड ठेवून पुन्हा एकदा. नंदी मात्र जपून हाताळा, लेकरांचा जीव असतो त्यात.

सप्टेंबरमध्ये सोयाबीनचं एक झाड मुळासकट, माती न झटकता उपटून आणा. मुळांवरच्या गाठी कापल्या की आत गुलाबी दिसतात. त्यातले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. धानपट्ट्यात धुऱ्यावरची तूर चालेल. रुईच्या पानावरची अळी, कोष, फुलपाखरू हे चक्र साधारण महिन्याभरात दिसतं. पानं मोठ्यांनीच तोडावीत, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

दिवाळीनंतर वेचणी असते आणि हजेरी पातळ होते. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहणाऱ्या लेकराची यात काही चूक नाही. त्या दिवसांत एका तासात संपणारे प्रयोग ठेवा : चुंबक, भिंग, हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी. मोहफुलांच्या दिवसांत गडचिरोलीकडच्या शाळांनीही असंच करावं.

एप्रिलच्या सकाळच्या शाळेला, बाष्पीभवनाच्या प्रयोगासाठी, माठ पुरतो. सात वाजता माठात आणि स्टीलच्या बादलीत सारखं पाणी भरा, सुट्टी व्हायच्या आधी दोन्हींचं तापमान घ्या. घरचा कूलर मे महिन्यात गार करतो, मग जुलैत उमस का करतो, याचं उत्तर याच प्रयोगात आहे.

आता पेटीचं. गावात न मिळणाऱ्या वस्तूच आमच्याकडून घ्या : पाच-सहा मुलांमागे एक भिंग, पट्टीचुंबकाच्या दोन जोड्या, दोन तापमापी, एक मोजपात्र, बल्ब-तार-सेलचा संच. तापमापी आम्ही पाऱ्याचे देत नाही. फुटले तर पारा वर्गात नको. बाकी डबे, बाटल्या, बिया, माती गावातच आहे. मोठी पेटी मागवणाऱ्यांनाही आम्ही आधी छोटीच सुचवतो. एकच वस्तू फुटली तर तेवढी वेगळी मिळते.

मागणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कळवा. सोबत पटसंख्या आणि गावातलं मुख्य पीक लिहा. त्यावरून वर्षाच्या आराखड्याचा कोरा तक्ता भरायला सोपा जाईल असा आखून, पेटीसोबत मोफत पाठवतो. पेटी घ्यायची नसेल, तरी तक्ता मागवा.