एमटेक सायबर सिक्युरिटीचा प्रोजेक्ट: सिनॉप्सिस, परवानगी आणि कागदपत्रं

एमटेक किंवा एमएस्सी सायबर सिक्युरिटीला असाल तर साधारण दुसऱ्या वर्षात स्वतःचा प्रोजेक्ट ठरवावा लागतो. पात्रतेचं फार काही नसतं, मागचे किती पेपर सुटलेले हवेत ते विद्यापीठाच्या नियमात बघून घ्या आणि गाइडचा होकार लेखी घ्या.

विषय मात्र बारीक धरा. "एआयने सायबर हल्ले ओळखणे" हा विषयच नाही. त्यापेक्षा सीआयसी-आयडीएस-2017 या नेटवर्क हल्ल्यांच्या नोंदींच्या डेटासेटवर ट्रेन केलेलं मॉडेल आपल्या लॅबच्या ट्रॅफिकवर कुठे चुकतं, असा प्रश्न घ्या. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठाचा हा डेटा फक्त पाच दिवसांचा आहे आणि त्याच्या लेबलमध्ये (कोणता ट्रॅफिक हल्ला, कोणता साधा या खुणांमध्ये) चुका आहेत हे पुढे संशोधकांनी दाखवलंय, तेही सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्यात, लिहा, कमिटीला कळतं की पोरानं वाचलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, परवानगी. कॉलेजचं बोनाफाइड म्हणजे कुणाची सिस्टिम कमकुवत जागांसाठी स्कॅन करायची परवानगी नव्हे!! आयटी कायदा 2000 च्या कलम 43 प्रमाणे सिस्टिमच्या मालकाची परवानगी लागतेच, आणि तेच काम अप्रामाणिकपणे केलं असं ठरलं तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून पत्रात कोणते आयपी, कोणत्या तारखा, किती ते किती वाजता, कोणते टूल, काय अजिबात करणार नाही आणि सर्व्हर बसला तर फोन कोणाला, हे सगळं लिहून खाली सही-शिक्का घ्या. कॉलेजचा स्वतःचा सर्व्हर असला तरी हे पत्र हवंच.

परवानगी मिळत नसेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) मेटास्प्लॉइटेबल 2 ही सरावाची मशीन टाकून घरीच लॅब उभी करा, पण नेटवर्क होस्ट-ओन्ली, म्हणजे फक्त तुमच्या कॉम्प्युटरपुरतं ठेवा, ब्रिज्ड (बाहेरच्या नेटवर्कला जोडलेलं) ठेवलंत तर ती मुद्दाम भोकं ठेवलेली मशीन अख्ख्या हॉस्टेलच्या वायफायवर उघडी पडते. खऱ्या प्रॉडक्टमध्ये काही सापडलं तर आधी कंपनीला किंवा सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) कळवा, रिसर्च पेपर नंतर.

फाइलला साधारण गाइडच्या सहीचा सिनॉप्सिस, गाइडचं संमतीपत्र, बाहेरच्या कंपनीत काम असेल तर तिचं एनओसी, वरचं परवानगीपत्र आणि स्वतःचं हमीपत्र लागतं. शेवटी प्लॅजिअरिझम रिपोर्ट. यूजीसीच्या 2018 च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, 10 ते 40 मध्ये आलात तर सुधारून परत द्यावं लागतं, तेव्हा रिपोर्ट सबमिशनच्या आदल्या दिवशी नको, महिनाभर आधी काढा.