स्तनपान समुपदेशन : सातारा आणि सांगली

बाळंतिणीला बाळ अंगावर पाजायला शिकवणे, पाजताना येणाऱ्या अडचणी तिच्याजवळ बसून सोडवणे आणि गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवणे, या प्रशिक्षित सेवेला स्तनपान समुपदेशन म्हणतात. परिचारिका, बालरोगतज्ज्ञ, आशा आणि अलीकडे शहरांत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या लॅक्टेशन कन्सल्टंट ही सेवा देतात. या कामाची आंतरराष्ट्रीय परीक्षा 1985 पासून घेतली जाते. भारतात या विषयासाठी झटणाऱ्या बीपीएनआय (ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया) या संस्थेची स्थापना 1991 मध्ये वर्ध्याला झाली. 1992 च्या कायद्याने बाळाच्या डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास बंदी आली. सरकारी दवाखान्यांतून स्तनपानाला बळ देणारा ‘मां’ हा कार्यक्रम 2016 मध्ये सुरू झाला.

‘दूध पुरत नाही’ ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. बहुतेक वेळा दूध कमी नसते. बाळाने स्तन नीट धरलेला नसतो, किंवा त्याला पुरेशा वेळा घेतलेले नसते. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, तोही थोडाथोडा. पण जन्मलेल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचा-दीड चमचा मावतो, आणि त्या दाट, पिवळसर चिकातून त्याला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. तो पिळून टाकणे म्हणजे बाळाचे पहिले संरक्षणच फेकून देणे होय. स्तन जितका रिकामा होतो तितके दूध पुन्हा तयार होते. म्हणून वरचे दूध सुरू केले की बाळ कमी ओढते, पान्हा खरोखरच घटतो आणि भीती खरी ठरते.

चांगली समुपदेशक बोलण्याआधी पाहते. आईची पाठ टेकलेली आहे का, बाळाचे पोट तिच्या पोटाला लागले आहे का, बाळाचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत आहेत का, हे ती तपासते. बाळाचे नाक स्तनाग्रासमोर आणून ते जांभई दिल्यासारखे मोठे तोंड उघडेपर्यंत थांबायचे आणि मग बाळाला स्तनाकडे आणायचे. आईने वाकून स्तन बाळाकडे न्यायचा नाही. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसणारा, अशी पकड योग्य. चट-चट आवाज येत असेल, गालाला खळी पडत असेल किंवा आईला दुखतच राहिले असेल, तर बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून स्वच्छ बोट घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचे. भेगा पडतात त्या बहुधा चुकीच्या पकडीमुळेच.

साधे बाळंतपण झालेली बाई साधारण दोन दिवसांत घरी जाते. दूध भरून छाती दाटते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. म्हणजे खरी अडचण येते तेव्हा दवाखाना मागे राहिलेला असतो. ही फट आशाच्या घरभेटींनी भरायची असते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. सातारा-सांगलीकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. त्यामुळे सासरी नोंद असलेल्या लेकीची खबर माहेरच्या आशापर्यंत वेळेत पोचणे फार महत्त्वाचे ठरते.

माहेरी शब्द चालतो तो आजीचा. तिला बाजूला सारून दिलेला सल्ला टिकत नाही, म्हणून पाजायला दाखवताना तिलाही शेजारी बसवावे. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू आईने जरूर खावेत. पान्हा मात्र बाळाच्या ओढण्यानेच वाढतो. गुटी आणि मध बाळाला देऊ नयेत. मधातून होणारी बोटुलिझमची विषबाधा वर्षाच्या आतील बाळाच्या जिवावर बेतू शकते. माण, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांच्या उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचे पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते.

मिरज आणि कराड येथे वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत. अशा ठिकाणी कमी दिवसांचे बाळ काचेच्या पेटीत आणि आई दुसऱ्या वॉर्डात, असे होते. तेव्हा पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला सुरुवात करून ते दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, काढत राहावे लागते. बाळाला ते नळीने किंवा वाटी-चमच्याने पाजतात. बाटली टाळतात.

ही सेवा सर्वांत कमी पोचते ती ऊसतोड करणाऱ्या बायांपर्यंत. हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेली टोळी कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहते, पहाटे उसाच्या फडात जाते. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने नोकरदार बाईला 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली. मुकादमाची उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) घेतलेल्या बाईच्या वाट्याला ती येत नाही. तिला सल्ल्याइतकीच फडाच्या कडेची सावली आणि पाजायला पुरेशी विश्रांती हवी, आणि ती मुकादमाशी, कारखान्याशी बोलूनच मिळेल.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पाजणे आणि पाचव्या दिवसानंतर 24 तासांत किमान सहा वेळा लघवी, ही चांगली खूण. सुरुवातीला घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून येते. बाळ मलूल पडले, ओढेनासे झाले किंवा लघवी कमी झाली, तर थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आईला थंडी-ताप आणि स्तनावर लाल, दुखरा भाग असेल तर तो स्तनदाह असू शकतो. औषध घ्यावे आणि त्या बाजूनेही पाजणे चालू ठेवावे.