डावाची न्याय्य किंमत

नशिबाच्या खेळात खेळणाऱ्याने जेवढी रक्कम मोजली असता मांडणारा वा खेळणारा कोणाकडेच आगाऊ लाभ राहत नाही, ती रक्कम. प्रत्येक शक्य प्राप्तीला तिच्या संभाव्यतेने गुणून बेरीज केली की ती मिळते. हेच अपेक्षित मूल्य.

कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. फाशांची विद्या जाणणाऱ्या ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडावरील पाना-फळांची संख्या क्षणात सांगितल्याच्या महाभारतातील कथेत काही अभ्यासकांना संभाव्यतेचे बीज दिसते; मात्र तेथे डावाची किंमत काढलेली नाही. इटालियन गणिती लूका पाचोलीने (1494) अर्धवट राहिलेल्या खेळातील रक्कम मिळवलेल्या गुणांच्या प्रमाणात वाटली. पास्काल व फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी 1654 च्या पत्रव्यवहारात झालेले डाव सोडून उरलेले डाव मोजले. प्रत्येकी 32 पिस्तोल (तेव्हाचे सोन्याचे नाणे) लावलेला, तीन डाव जिंकण्याचा खेळ 2–1 वर थांबला, तर पुढचा डाव पहिल्याला 64 किंवा 32 देणार. म्हणून त्याचा वाटा 48. बहुतेक ग्रंथ श्रेय येथेच देतात. तथापि ‘किंमत’ हा अर्थ डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्झच्या 1657 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात अधिक स्वच्छ आहे. अ किंवा ब मिळण्याची समान संधी (अ+ब)/2 मोलाची, हे त्याने दीर्घकालीन सरासरीचा आधार न घेता न्याय्य खेळाच्या अटीवरून सिद्ध केले. ‘एक्स्पेक्टाशियो’ (अपेक्षा) ही संज्ञा त्याचा गुरू व्हान स्कोटेनच्या लॅटिन भाषांतरातून रूढ झाली असावी.

समजा, ग्वाल्हेरच्या एखाद्या मराठी मंडळाने गणेशोत्सवातील आनंदमेळ्यात ‘सात वर, सात खाली’ मांडला, म्हणजे दोन फाशांची बेरीज साताच्या खाली, वर की नेमकी सात, यावर पैसे लावण्याचा खेळ. दोन फाशांच्या 36 जोड्यांपैकी 15 सातांखाली, 15 वर, 6 नेमक्या सात. ‘खाली’वर 10 रुपये लावून (ते धरून) दुप्पट, म्हणजे 20 मिळत असतील, तर त्या 10 ची किंमत 8.33 रुपये, न्याय्य परतावा 24 रुपये, नेमक्या सातांवर 60. सातांना ‘चौपट’ म्हणताना लावलेले 10 धरून की वेगळे, हे फलकावर लिहावे: धरून असल्यास किंमत 6.67, वेगळे असल्यास 8.33. नेहमीची चूक म्हणजे 1-6 व 6-1 एकच धरणे. मग 21 जोड्यांत सातांच्या 3 दिसतात, 70 रुपये परतावा न्याय्य वाटतो, आणि मंडळाला सातांवरील दर 10 रुपयांमागे सरासरी 1.67 रुपयांचा खड्डा पडतो.

सोडतीत 500 तिकिटांवर एकूण 2,000 रुपयांची बक्षिसे असली, तर तिकिटाची न्याय्य किंमत 4 रुपये. तिकिटे 300 च खपली आणि चिठ्ठी फक्त विकलेल्यांतूनच काढली, तर ती 6.67 होते.