आत १९४२, अंक १९५५चा: 'क्लासिक्स इलस्ट्रेटेड'ची मूळ छपाई आणि पुनर्मुद्रण

गणपतीला घर उघडलं की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. कोकणातल्या अशा ट्रंकेत काय निघेल याचा नेम नाही: पोथ्या, जुनी पंचांगं, बोटीवरच्या नोकरीतून कुणी आणलेली इंग्रजी मासिकं आणि एखाद्या वेळी कोपऱ्यात पिवळा चौकोन असलेलं 'क्लासिक्स इलस्ट्रेटेड', म्हणजे गाजलेल्या कादंबऱ्या चित्रकथेत सांगणाऱ्या अमेरिकन कॉमिक्स मालिकेचा अंक. आतल्या बारीक टाइपात १९४२ दिसलं की ते मूळ अंक म्हणून घरभर फिरतं. बहुतेक वेळा ते पुनर्मुद्रण असतं.

दोघांत गल्लत होते ती धंद्याच्या पद्धतीमुळे. अल्बर्ट कँटर यांनी ऑक्टोबर १९४१मध्ये 'थ्री मस्केटिअर्स'पासून ही मालिका सुरू केली, तेव्हा तिचं नाव 'क्लासिक कॉमिक्स' होतं. इतर कॉमिक्स महिनाभर स्टॉलवर राहायची आणि मग रद्दीत जायची. कँटर यांनी मात्र जुने अंक पुन्हापुन्हा छापले आणि छापताना आतली पहिली तारीख बहुधा तशीच ठेवली. त्यामुळे एकाच कादंबरीच्या अनेक छपाया निघाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणींवर जन्मतारीख एकच.

म्हणून आधी मलपृष्ठ बघायचं. तिथे घरपोच मागवण्यासाठी अंकांची क्रमवार यादी असते. तिच्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्याला संग्राहक 'हायेस्ट रीऑर्डर नंबर' म्हणजे एचआरएन म्हणतात. 'मॉबी डिक' हा ५वा अंक, १९४२चा. त्याच्या मलपृष्ठावरची यादी १२४पर्यंत जात असेल, तर १२४वा 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' जानेवारी १९५५चा आहे. म्हणजे हातातली प्रत त्या सुमाराची. मूळ छपाईत यादी साधारण त्याच अंकावर थांबते, कधी एकदोन आकडे पुढे जाते, आणि आत बहुधा पुढच्या अंकाची जाहिरात असते. यादी म्हणजेच मागणीचा फॉर्म असल्यामुळे पोरांनी खुणा केलेल्या किंवा फॉर्म कापून घेतलेल्या प्रती सापडतात. कापलेल्या प्रतीत किंमत जाते ती जाते, वर मुख्य पुरावाही जातो.

ही युक्ती शेवटच्या काळात लंगडी पडते. १९६२मध्ये १६७व्या अंकानंतर नवे अंक जवळपास थांबले, त्यामुळे पुढची काही वर्षं यादी तिथेच अडकलेली दिसते. मात्र त्या काळातल्या कित्येक प्रतींवर पुनर्मुद्रणाची खरी तारीख आहे, ती वाचावी.

मुखपृष्ठावरून अर्धाच निकाल लागतो. मार्च १९४७च्या ३५व्या अंकापासून नाव 'क्लासिक्स इलस्ट्रेटेड' झालं. जुनं नाव असेल तर प्रत त्याआधीची खरी, पण पहिलीच छपाई असेल असं नाही. जुन्या नावानेही पुनर्मुद्रणं निघाली. रंगवलेली मुखपृष्ठं १९५१मध्ये ८१व्या अंकापासून आली आणि किंमतही १० सेंटांवरून १५ सेंट झाली. ८१च्या खालच्या अंकावर रंगवलेलं चित्र दिसलं तर पुढे काही तपासायची गरज नाही, ते पुनर्मुद्रण. उलट रेषाचित्राचं मुखपृष्ठ असल्याने मूळपण सिद्ध होत नाही. किंमत शिलिंग-पेन्समध्ये असेल तर तो 'थॉर्प अँड पोर्टर'चा ब्रिटिश अंक. त्याला अमेरिकन आकडे लावत बसू नये, क्रमांकच काही ठिकाणी वेगळे आहेत.

पानं मोजा. सुरुवातीचे अंक ६४ पानी, मग कागदाच्या टंचाईत ५६ आणि पुढे ४८. मुखपृष्ठाचा जाड कागद सोडून मधल्या पिनांपासून दोन्ही बाजूंची पत्रं मोजायची (पाठपोट दोन पानं मिळून एक पत्र): ६४ पानांना प्रत्येक बाजूला १६, ५६ला १४, ४८ला १२. एका बाजूला कमी भरलं तर पान फाटलेलं आहे, ती वेगळी छपाई नव्हे. ६४ पानी अंक पुढच्या छपाईत आखडला, की कथेची पानंही गळतात. संपूर्ण चित्रकथा हवी असणाऱ्याने म्हणून जुनी छपाई शोधावी.

नुसतं वाचायचं असेल तर मात्र उलटा हिशेब. काही अंक पुढे नव्याने चितारले गेले. 'जेकिल आणि हाइड' मूळ १९४३चा, पण लू कॅमेरॉन यांनी काढलेला १९५३चा अवतार कितीतरी सरस आहे. 'थ्री मस्केटिअर्स' माल्कम किल्डेल यांनी काढलं होतं, १९५९मध्ये जॉर्ज इव्हान्स यांनी पुन्हा काढलं. ही सुधारलेली आवृत्ती पुनर्मुद्रणातच मिळते.

आता खाऱ्या हवेचा मुद्दा. किनाऱ्यावर पिना आधी गंजतात आणि मुखपृष्ठ तिथूनच सुटतं. पानावर तांबूस डाग आणि पिन मात्र चकचकीत, असं दिसलं तर ती बदललेली आहे. मग मुखपृष्ठ त्याच अंकाचं आहे का, हे पाहावं. एचआरएन मलपृष्ठावर असतो, त्यामुळे दुसऱ्या प्रतीचं मुखपृष्ठ चढवलं की सगळा निष्कर्ष चुकतो. गंज कागद खात नसेल तर पिनेला हात लावू नये. काढावीच लागली तर मधल्या पानात तिचे पाय सरळ करून बाहेरच्या बाजूने अलगद उचलावी, ओढू नये.

गणपतीच्या दिवसांत हवा दमट असते, तेव्हा चिकटलेली पानं सोडवण्याची घाई नको. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात वाळू द्यावीत. उन्हाने हा हलका कागद आणखी पिवळा पडून ठिसूळ होतो. सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर नाहीच. पिशवीत भरायचं काम जानेवारी ते एप्रिलमध्ये करावं, मिरगानंतर भरली तर आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची घ्यावी. मऊ पीव्हीसीचं कव्हर कालांतराने मुखपृष्ठाच्या शाईला चिकटतं. अंक मागे ताठ पुठ्ठा देऊन, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला टेकणार नाहीत असे ठेवावेत आणि दर महिन्याला एकदा उघडून कसर लागली आहे का ते बघावं.