कोसा

कोसा : इटलीतील प्राचीन लॅटिन वसाहत (रोमने वसवलेले, पण रहिवाशांना पूर्ण रोमन नागरिकत्व नसलेले नगर). रोमच्या वायव्येस सुमारे १४० किमी. अंतरावर, तस्कनीच्या किनाऱ्यालगत आजच्या अन्सेदोनियाच्या टेकडीवर तिचे अवशेष आहेत. व्हल्ची या एट्रुस्कन (रोमच्या उत्तरेकडील एका प्राचीन लोकसमूहाच्या) नगराला हरवून मिळवलेल्या मुलखावर पकड ठेवण्यासाठी रोमने इ. स. पू. २७३ मध्ये ती वसवली. मोठमोठे बहुकोनी दगड चुन्याशिवाय नेमके बसवून बांधलेला सुमारे दीड किमी. लांबीचा तट आजही पाहणाऱ्याला थक्क करतो. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याविरुद्धच्या युद्धानंतर वस्ती रोडावली, तेव्हा इ. स. पू. १९७ मध्ये येथे एक हजार नवी कुटुंबे पाठवण्यात आली.

अमेरिकन अकॅडमी इन रोम या संस्थेतर्फे फ्रँक एडवर्ड ब्राउन यांनी १९४८ मध्ये येथे उत्खनन सुरू केले. नगरचौक, सभास्थान, मंदिरे आणि काटकोनात आखलेले रस्ते मातीतून वर आले. वसाहत म्हणजे रोमचीच छोटी प्रतिकृती, हे चित्र पुढे कितीतरी वर्षे अभ्यासकांच्या मनात राहिले, त्याला मोठा आधार कोसाचा होता. टेकडीच्या माथ्यावर, मुख्य मंदिराखालच्या खडकातील एका भेगेत जळालेल्या वनस्पतींचे अवशेष मिळाले. ब्राउन यांनी त्यांचा संबंध नगरस्थापनेच्या विधीशी जोडला. तो पुढे वादाचा ठरला. १९९० च्या दशकात एलिझाबेथ फेंट्रेस यांनी पुन्हा उत्खनन केले. आज दिसणारी बरीचशी नगररचना पहिल्या वसाहतकारांची नसून इ. स. पू. १९७ नंतरची आहे, हे त्यानंतर अधिक ठळक झाले. कोसाचे खरे महत्त्व या फेरतपासणीत आहे. एकाच जागेचे थर दुसऱ्यांदा वाचल्याने जुनी समजूत ढळली.

मातीने सामान्य माणसांच्या खुणाही जपल्या आहेत. कोसाच्या बंदरात सेस्तियस या रोमन घराण्याचा छाप असलेल्या मद्यकुंभांची खापरे सापडली. तसलेच कुंभ फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या जहाजातही मिळाले आहेत. एका घरात कुणीतरी पुरून ठेवलेली चांदीची २,००४ नाणी हाती लागली. इ. स. पू. ७० च्या सुमारास नगरावर आलेल्या संकटाशी त्यांचा संबंध जोडला जातो. इ. स. पाचव्या शतकाच्या आरंभी येथून गलबताने गेलेल्या रुटिलियस या रोमन कवीला फक्त ओसाड भिंती दिसल्या. उंदरांच्या उपद्रवाने लोक गाव सोडून गेले, अशी वदंता त्याने नोंदवली आहे.

२०१३ पासून फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे पथक येथील स्नानगृह खणत आहे. टेकडीवर झरा नाही. पावसाचे पाणी टाक्यांत साठवूनच नगर जगत होते, त्यामुळे एवढ्या मोठ्या स्नानगृहाला पाणी कसे पुरवले जाई, हा या उत्खननातला महत्त्वाचा प्रश्न आहे.